सॉफ्टवेअरमधली खोट दुरुस्त करणारा पॅच दोन महिने आधीच आला होता, मग फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा वॉनाक्राय हा घातक प्रोग्राम एवढा कसा पसरला?

कारण पॅच येणं वेगळं आणि तो मशीनवर बसणं वेगळं. मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ लाच दुरुस्ती दिली होती, हल्ला झाला १२ मे रोजी.

खोट होती विंडोजच्या एसएमबी या फाइल शेअरिंगच्या सेवेत, तीही तिच्या जुनाट पहिल्या आवृत्तीत. पोर्ट ४४५ वर (नेटवर्कवरचं या सेवेचं दार) मुद्दाम वेडंवाकडं पॅकेट पाठवलं की मेमरीत ठरलेल्या जागेबाहेर डेटा लिहिला जाई आणि हल्लेखोराचा कोड थेट कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात, चाले. पासवर्ड नको, कुणी लिंकवर क्लिक करायला नको. एक मशीन सापडलं की नेटवर्कवरची बाकीची आपोआप. हे हत्यार, इटर्नलब्लू, अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेने स्वतःसाठी जपून ठेवलं होतं. शॅडो ब्रोकर्स नावाच्या टोळीने एप्रिलमध्ये ते चव्हाट्यावर आणलं.

लोक बिचाऱ्या जुन्या विंडोज एक्सपीला शिव्या घालतात, पण बाधित मशीनांपैकी बहुतेक विंडोज ७ ची होती, म्हणजे पॅच हाताशी असलेली! 'अपडेटने आमचं सॉफ्टवेअर बंद पडेल' या भीतीने कंपन्या टाळाटाळ करत राहिल्या. (ती भीती अगदीच खोटी नसते, हेही खरं.)

जूनमध्ये नॉटपेट्या या दुसऱ्या घातक प्रोग्रामने तीच फट वापरली, शिवाय मेमरीतून चोरलेले पासवर्डही. त्यामुळे पॅच केलेली मशीनंही गेली. त्यात उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातलं, मर्स्क या जहाज कंपनीचं टर्मिनल ठप्प झालं होतं.

तुमच्या ऑफिसात एसएमबीची पहिली आवृत्ती अजून चालू असेल, तर आधी ती बंद करा. जुना स्कॅनर रुसेल कदाचित, कारण त्याला तीच लागत असेल.