जो जास्त ओरडतो त्याचा हप्ता आधी भरायचा का?

ताई, तुमचा मेसेज दोनदा वाचला, दुसऱ्यांदा वही घेऊन बसले आणि आकडे मांडले. बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. ताई इचलकरंजीच्या, मिस्टर यंत्रमागावर, महिन्याला साधारण १६ हजार, ताई घरी पिको-फॉल आणि ब्लाउज शिवतात त्याचे ७ हजार, म्हणजे घरात २३ हजार येतात. दोन मुलं शाळेत, घर भाड्याचं. ताईंच्या नावावर मायक्रोफायनान्सची तीन कर्जं, हप्ते २,४५०, २,९०० आणि २,१००. मिस्टरांच्या नावावर पतसंस्थेचं कर्ज, हप्ता ४,२००, जामीन धाकटे दीर. गंठण सोनेतारणात, त्याचं व्याज महिन्याला ९००. आणि या सगळ्यावर कळस म्हणजे गल्लीतल्या एका माणसाकडून शेकडा पाच रुपयांनी घेतलेले १ लाख, २२ महिने दर महिन्याला ५ हजार देऊन झाले, दोन महिने चुकले तर त्याने मिस्टरांचा सही केलेला कोरा चेक १ लाख ८० हजार लिहून बँकेत टाकला, तो परत आला, आणि मागच्या गुरुवारी वकिलाची नोटीस घरी आली. ताई विचारतात, शिलाई मशीन विकून याला देऊ का, मिस्टर म्हणतात मोबाईलवरच्या ॲपवरून लोन काढू, आणि मिस्टरांना जेल होईल का.

मशीन विकायची नाही, ॲपवरून लोन काढायचं नाही. आता का ते सांगते.

सगळे मिळून १७,५५० होतात, २३ हजारातून ते गेले की उरतात ५,४५०. यात भाडं, किराणा, गॅस, लाईटबिल, मुलांची शाळा कुणाचंच भागत नाही, ॲपचा आणखी एक हप्ता तर बसणारच नाही, म्हणून तुम्ही काय करताय तर दारात जो जास्त वेळ बसतो, जास्त ओरडतो, त्याला देताय आणि गप्प असतो त्याला पुढच्या महिन्यावर ढकलताय. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ घरांत हेच चाललेलं असतं. पण ओरडणाऱ्याच्या हातात काहीच नसतं असं होऊ शकतं, आणि गप्प बसलेला माणूस कागद तयार करत असतो. क्रम लावायचा तो कायद्याने कोण तुमचं काय आणि किती लवकर घेऊ शकतो यावर.

त्या हिशोबाने पहिला नंबर चेकच्या नोटिशीचा, कारण तिथे घड्याळ चालू झालंय. कलम १३८ म्हणतात ते हेच, परक्राम्य संलेख अधिनियम १८८१ मधलं. नोटीस हातात पडल्यापासून १५ दिवस पैसे द्यायला मिळतात, ते गेले की पुढच्या एका महिन्यात तो मॅजिस्ट्रेटकडे केस टाकू शकतो. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड किंवा दोन्ही. घाबरवायला नाही सांगत, कर्ज थकलं म्हणून कुणाला जेल होत नाही हे जे लोक सांगतात ते खरंच आहे, पण चेक बाउन्स हा वेगळा प्रकार आहे आणि लोक दोन्हीची गल्लत करतात. केस झाली तरी ती मिस्टरांवर, चेकवर त्यांची सही आहे म्हणून, तुमच्यावर नाही. आणि समन्स आल्यावर तारखेला गेलं नाही तर वॉरंट निघतं, माझ्या बघण्यात पहिल्यांदा पोलीस दारात येतात ते बहुतेक याच कारणाने, कर्जामुळे नाही.

'चेक कोरा होता, फक्त सही माझी होती' एवढं म्हणून सुटका होत नाही हे आधीच सांगून ठेवते. सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये स्पष्ट म्हटलंय की आपणहून सही करून दिलेला कोरा चेक दुसऱ्याने भरला तरी तो देण्यापोटीच दिला असं कोर्ट धरून चालतं, उलटं सिद्ध करायचं काम आपलं. मग आपल्याकडे काय आहे? आपल्याकडे ते २२ महिने आहेत. तुम्ही लिहिलंय की पैसे मिस्टर फोनवरून पाठवायचे, मग बँकेचं स्टेटमेंट काढा आणि त्या माणसाच्या नावासमोरची प्रत्येक ५ हजाराची ओळ हायलायटरने रंगवा. १ लाख १० हजार गेलेत. चेक दिल्यानंतर मधे पैसे दिलेले असतील, चेकवर त्याची नोंद नसेल आणि तरी पूर्ण रकमेचा चेक टाकला असेल तर कलम १३८ लागत नाही असा सुप्रीम कोर्टाचा २०२२ चा निकाल आहे. तुमच्या केसमध्ये तो म्हणणार की ते नुसतं व्याज होतं. म्हणू दे की. शेकडा पाचचं व्याज त्याने स्वतःच्या तोंडाने कोर्टात कबूल केलं तर आपलं अर्धं काम झालं.

कारण महाराष्ट्रात सावकारीला लायसन्स लागतं, २०१४ चा महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम. लायसन्स असलेल्या सावकारालाही बिगरशेतकऱ्याला बिनतारण कर्ज दिलं तर वर्षाला १८ टक्केच घेता येतात, तुमचा हा माणूस वर्षाला ६० टक्के घेतोय. १८ टक्क्यांनी ढोबळ हिशोब केला तर २२ महिन्यांचं व्याज ३३ हजार, मुद्दल धरून १ लाख ३३ हजार, त्यातले १ लाख १० हजार दिलेत, म्हणजे २३ हजाराच्या आसपास राहिले. १ लाख ८० हजार कुठे आणि २३ हजार कुठे! शिवाय दामदुपटीचा नियम आपल्याकडे जुना आहे आणि या कायद्यातही आहे, मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही, ५ हजार सगळे व्याजातच धरले तर तुम्ही तीही हद्द ओलांडलीय. लायसन्स नसेल तर त्याला वसुलीचा दावा लावून हुकूमनामा मिळवता येत नाही, म्हणून तर हे लोक कोरे चेक घेऊन ठेवतात, दावा टिकत नाही हे त्यांनाही माहीत असतं. विनालायसन्स सावकारीला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

पण तो म्हणेल मी सावकार नाहीच, ओळखीत हातउसने दिले. एकदाच कुणाला उसने देणं म्हणजे सावकारी नव्हे हे खरं आहे, धंदा म्हणून करतोय हे दाखवावं लागतं. गल्लीत आणखी कोण कोण त्याच्याकडे व्याज भरतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार, दोन-तीन जणी तयार झाल्या तर जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे एकत्र लेखी तक्रार द्या, ते झडती घेऊन चेक, बाँड, वह्या जप्त करू शकतात. मात्र सावकाराकडे लायसन्स नव्हतं म्हणून १३८ ची केस हमखास उडेल असं मी तुम्हाला सांगणार नाही, यावर दोन्ही बाजूंनी वाद होतो. म्हणून आत्ता या आठवड्यात एकच काम, नोटिशीला वकिलामार्फत उत्तर. त्यात एवढंच, रक्कम मान्य नाही, घेतलेले १ लाख, दिलेले १ लाख १० हजार तारखांसकट, चेक सिक्युरिटी म्हणून कोरा दिला होता, लायसन्सचा नंबर कळवा. व्हॉट्सॲपवर 'दादा थोडी मुदत द्या, सगळे देतो' असलं काही मिस्टरांनी पाठवू नये, ते उद्या कोर्टात प्रिंट काढून दाखवतात. फीचं टेन्शन घेऊ नका, कोर्टाच्या आवारात तालुका विधी सेवा समिती असते, बाईमाणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, मिस्टरांना उत्पन्न बघून मिळेल, १५१०० ला फोन करून विचारा.

दुसरा नंबर सोन्याचा, सगळ्यात लहान हप्ता आणि सगळ्यात शांत माणूस. पण वस्तू त्याच्या ताब्यात आहे, व्याज थकत गेलं की नोटीस देऊन लिलाव करता येतो. हे ९०० चुकवू नका. गंठण तुमचं स्त्रीधन असलं तरी तारण तुम्हीच ठेवलंय, तिथे स्त्रीधन म्हणून भांडता येत नाही. लिलाव झालाच तर कर्ज वळतं करून उरलेले पैसे तुमचे, ते मागायचे, लोक मागतच नाहीत.

तिसरा पतसंस्था. इथे लोक गाफील राहतात कारण मॅनेजर ओळखीचा असतो. सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली पतसंस्था निबंधकांकडून वसुली दाखला घेते, तो निघाला की साधारण दाव्यासारखी वर्षं लागत नाहीत, वसुली अधिकारी थेट जप्तीला येतो, आणि दाखल्याविरुद्ध रिव्हिजनला जायचं तर थकबाकीची निम्मी रक्कम आधी भरा म्हणतात. आणि तुमच्या दिरांची नोकरी पक्की आहे. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच असते, आधी भावाकडून घ्या मग माझ्याकडे या असं त्यांना म्हणता येत नाही. दिरांना हे दुसऱ्याकडून कळण्याआधी तुम्ही सांगा. आणि हप्ता चुकायच्या आधी अर्ज द्या, मुदत वाढवून हप्ता २,८०० वर आणा, पोचपावती घ्या.

आता मायक्रोफायनान्स, ज्याचा तुम्हाला सगळ्यात जास्त त्रास होतोय, रात्री ९ पर्यंत माणूस दारात बसतो, ग्रुपमधल्या बायका बोलतात. हे त्याला चालत नाही. रिझर्व्ह बँकेच्या मार्च २०२२ च्या नियमांत सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन करणं हे जाचक वसुलीत धरलंय. वसुली ठरलेल्या जागी करायची, लागोपाठ दोन वेळा तुम्ही तिथे गेला नाहीत तरच घरी यायचं, म्हणून पैसे नसले तरी सेंटरवर जा. दंड फक्त थकलेल्या हप्त्यावर, पूर्ण कर्जावर नाही, आणि लोन कार्ड तुम्हाला समजेल अशा भाषेत असायला हवं, ते काढून बघा. आणखी एक, घराचे सगळे हप्ते मिळून घरच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या ५० टक्क्यांवर जाता कामा नयेत असा त्यांनाच नियम आहे. तुमचा निम्मा म्हणजे ११,५००, आणि सावकार सोडून हप्ते होतात १२,५५०. तिसरं कर्ज देताना तुमचं उत्पन्न किती लिहिलंय ते फॉर्मची कॉपी मागून बघा, मला वाटतं तिथे काहीतरी फुगवलेलं सापडेल. कंपनीकडे लेखी तक्रार करा, ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, फुकट आहे. ग्रुपमधल्या बायकांनी तुमच्यासाठी जामीन म्हणून सही केलीय का तेही त्याच कागदात बघा.

मशीन का विकायची नाही? उद्या कोर्टाचा हुकूमनामा झाला तरी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० ने कारागिराची हत्यारं, घरातली भांडी, अंथरूण-पांघरूण, मंगळसूत्रासारखा धर्माप्रमाणे बाईने काढायचा नसतो तो दागिना यांच्यावर जप्ती येत नाही. जे कोर्ट नेऊ शकत नाही ते तुम्ही स्वतःच्या हाताने ७ हजार मिळवणारं साधन विकून सावकाराच्या खिशात घालणार? (मशीन हप्त्यावर घेऊन तारण लिहून दिली असेल तर गोष्ट वेगळी.)

हिशोब असा बसतो, आधी घराचे १२,५०० बाजूला काढा, भाडं, किराणा, शाळा, लाईट, गॅस, ते रोख डब्यात. उरले १०,५००. सोनं ९००, पतसंस्था २,८००, मायक्रोफायनान्स ७,४५०, बेरीज ११,१५०, म्हणजे ६५० कमी पडतात, ते तिसऱ्या कर्जाचा हप्ता थोडा कमी करून घेऊन बसवायचे. पहिलं कर्ज पाच महिन्यांनी संपतंय म्हणता, तेव्हा २,४५० सुटतात. सावकाराला आत्ता शून्य. भिशी बंद करू नका, दोन महिन्यांनी तुमचा १० हजाराचा नंबर आहे ना, ते आणि दिरांनी थोडी मदत केली तर २०-२५ हजारात तडजोड होऊ शकते, १३८ ची केस कुठल्याही टप्प्यावर मिटवता येते. पण पैसे देताना चेक परत हातात आणि मिटल्याचं लेखी, एका हाताने घ्यायचं एका हाताने द्यायचं, 'चेक उद्या देतो' चालणार नाही.

आणि नोटिशीचं पाकीट फेकलं नसेल तर जपून ठेवा, १५ दिवस मोजायला त्यावरचा पोस्टाचा शिक्का लागतो. उद्याच विधी सेवाच्या ऑफिसात जा, चार दिवस गेलेत.