इंग्लंडमधल्या खेड्यात शेतातून जाणाऱ्या वाटेवर चालायचं तर मालकाची परवानगी घ्यावी का?

नाही. लागत नाही, आणि मागूही नका.

तुम्ही लिहिलंय की मुलाकडे गेला होतात तेव्हा नकाशावरची हिरवी तुटक रेघ थेट उभ्या गव्हातून जात होती, म्हणून तुम्ही दोघं परत फिरलात, आणि पुढच्या खेपेला आधी मालकाला भेटून विचारावं का. हाच प्रश्न आमच्या घरात कित्येक वर्षं धुमसतोय, त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

ऑर्डनन्स सर्व्हे या तिथल्या सरकारी नकाशा संस्थेच्या एक्स्प्लोरर नकाशावरची ती हिरवी रेघ म्हणजे सार्वजनिक रस्ता. जमीन शेतकऱ्याचीच, पण तिच्यावरून जायचा हक्क तुमचा, माझा, कालच विमानातून उतरलेल्या पाहुण्याचाही. बारीक तुटक रेघ म्हणजे फूटपाथ, फक्त पायी जायची वाट, लांब तुटक रेघ म्हणजे ब्रायडलवे, जिथे घोडेस्वार आणि १९६८ च्या कायद्यापासून सायकलवालेही जाऊ शकतात. १९४९ च्या कायद्याने प्रत्येक कौन्टीला, म्हणजे तिथल्या जिल्ह्याला, अशा वाटांचा अधिकृत नकाशा करायला लावला आणि त्यासाठी गावोगावच्या पॅरिश कौन्सिलांनी, म्हणजे तिथल्या ग्रामपंचायतींनी, आपापल्या शिवारातल्या वाटा नोंदवून दिल्या. इंग्लंड आणि वेल्स मिळून अशी सव्वादोन लाख किलोमीटरच्या आसपास वाट आहे. या अधिकृत नकाशावर वाट आहे म्हणजे ती आहे. मालकाने फाटकाला कुलूप लावलं म्हणून ती नाहीशी होत नाही. ईस्ट ससेक्समध्ये फ्रॅमफील्ड गावी एका धनाढ्य जमीनदाराने वाटेवर कोठार बांधलं, काटेरी तार ओढली. रॅम्बलर्स ही पायी हिंडणाऱ्यांची संघटना कोर्टात गेली आणि २००३ साली ती वाट मोकळी झाली.

आता ज्या वाटा या नकाशावर नाहीत त्यांचं सांगते, कारण खरा घोटाळा तिथेच होतो.

आम्ही मिडलंड्समधल्या एका लहान गावात राहतो. आमच्या गल्लीच्या टोकापासून दोन शेतं ओलांडून चर्चकडे जाणारी एक वाट होती. माझी मुलं तिथूनच शाळेच्या बसला गेली. म्हाताऱ्या बायका रविवारी चर्चला तिथूनच जात. जुन्या शेतकऱ्याने कधी कुणाला हटकलं नाही आणि कुणी त्याला विचारलंही नाही. तो गेल्यावर शेत विकलं गेलं. नव्या मालकाने पहिल्याच हिवाळ्यात फाटकाला कुलूप घातलं आणि ‘खासगी’ अशी पाटी ठोकली. नकाशा पाहिला तर वाट नोंदलेलीच नव्हती. पन्नासच्या दशकात तिची नोंद राहून गेली होती.

१९८० च्या हायवेज ॲक्टचं कलम ३१ सांगतं की लोकांनी एखादी वाट सलग २० वर्षं हक्काने वापरली, तर मालकाने ती लोकांना देऊन टाकली असं धरलं जातं. हक्काने म्हणजे जबरदस्तीने नाही, चोरून नाही आणि परवानगी घेऊनही नाही. परवानगी घेऊन चाललात तर ती मालकाची मेहेरबानी झाली, वहिवाट नव्हे. आणि ही २० वर्षं मोजायची ती ज्या दिवशी हक्काला आडकाठी झाली त्या दिवसापासून मागे. आमच्या बाबतीत ज्या दिवशी कुलूप लागलं त्या दिवसापासून.

माझे वडील सांगली जिल्ह्यातल्या आमच्या पाणंदीसाठी तहसीलदार कचेरीत खेटे घालायचे. शेजाऱ्याने रस्ता अडवला तर १९०६ च्या मामलेदार कोर्टाच्या कायद्याखाली सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो, हे मला शाळकरी वयापासून पाठ आहे. त्यामुळे वाट अधिकृत नकाशावर चढवावी असा कौन्टीकडे अर्ज करायचं ठरवून मी पॅरिश क्लार्ककडे, म्हणजे पॅरिश कौन्सिलच्या चिटणिसाकडे, जाऊन साक्षीच्या फॉर्मांचा गठ्ठाच आणला. कोण कधीपासून चालतंय, किती वेळा, कशासाठी, वाटेत फाटक होतं का, कुणी अडवलं का, हे ज्याने त्याने आपल्या हाताने लिहून, नकाशावर रेघ काढून सही करायची. मी घरोघर फिरून ते भरून घेतले.

माझे दीर तेव्हा दिवाळीला आमच्याकडे आले होते. त्यांचं म्हणणं, आपण बाहेरून आलेली माणसं, गावात वाईटपणा कशाला घ्यायचा, गोड बोलून विचारलं तर कोण नाही म्हणतं? आणि मला न सांगता त्यांनी मालकाला पत्र लिहिलं. मालकाने आनंदाने होकार कळवला: तुमचं कुटुंब खुशाल चालू शकतं. दिरांनी ते पत्र मोठ्या कौतुकाने माझ्या हातात ठेवलं. मी त्या दिवशी त्यांच्याशी बोलले नाही.

कौन्टीकडचा अर्ज वर्षानुवर्षं पडून राहिला. असे अर्ज सगळीकडेच तुंबलेले असतात. शेवटी वाट नकाशावर घ्यायचा आदेश निघाला, मालकाने हरकत घेतली आणि गावाच्या हॉलमध्ये सरकारी इन्स्पेक्टरपुढे जाहीर चौकशी झाली. मालकाच्या वकिलाने तेच पत्र बाहेर काढलं. म्हणाला, यांना ठाऊक होतं की परवानगी लागते, म्हणून तर यांनी मागितली. मी उभी राहून सांगितलं की पत्र कुलुपानंतरचं आहे, त्याआधी आमच्या घरातल्या कुणीही कधी कुणाला विचारलेलं नाही. माझ्यानंतर गावातल्या बायका एकेक करून उठल्या आणि त्यांनीही तेच सांगितलं. इन्स्पेक्टरने पत्र त्या २० वर्षांच्या बाहेरचं म्हणून बाजूला ठेवलं, आदेश कायम केला, आणि आज त्या फाटकापाशी सार्वजनिक फूटपाथची खूण असलेला पिवळा बाण आहे. त्या हॉलमध्ये उभी राहिले याचा मला आजही अभिमान वाटतो.

दीर अजून म्हणतात, बघ, विचारल्याने काही बिघडलं नाही ना? बिघडलं नाही ते निव्वळ कुलूप आधी लागलं होतं म्हणून. तेच पत्र कुलपाआधी गेलं असतं तर आमच्या घरची सगळी साक्ष बाद झाली असती, आणि लहान गावात चार-पाच घरांच्या साक्षी गेल्या तर दावा उभाच राहत नाही. पाहुण्यासारखं वागायचं ते कुणाच्या घरात. रस्त्यावर आपण पाहुणे नसतो.

आता तुमचा गहू. पिकातून चालणं आपल्यासारख्यांच्या जिवावर येतं, मला कळतं. पण शेताच्या मधून जाणारी वाट नांगरायची मुभा असली तरी त्या हंगामातल्या पहिल्या नांगरटीपासून १४ दिवसांत ती पुन्हा मोकळी करून द्यायची जबाबदारी शेतकऱ्याची आहे. फूटपाथला किमान १ मीटर रुंदी, ब्रायडलवेला २. बांधाकडेची वाट तर नांगरायचीच नसते. त्याने ती मोकळी केली नसेल तर नकाशावरच्या रेघेनेच पिकातून सरळ जा. कडेकडेने वळसा घालायला गेलात तर उलट तुम्हीच त्याच्या खासगी जमिनीत शिरता.

काही गोष्टी राहिल्या. हे सगळं इंग्लंड-वेल्सचं, स्कॉटलंडचा कायदा निराळा आहे. ‘परमिसिव्ह पाथ’ अशी पाटी असेल तर ती वाट मालकाच्या मर्जीची, तो ती बंद करू शकतो. फाटक जसं सापडेल तसंच ठेवा, उघडं तर उघडं. वासरं असलेल्या गाईंपासून लांबून जा, तिथे हक्क सांगत बसू नका. अशा वेळी वाट सोडून वळसा घेतलेला चालतो. आणि दोन वाटांना जोडणारे जे अरुंद डांबरी रस्ते असतात, त्यांची भीती शेतकऱ्यापेक्षा जास्त बाळगा. कडेला चालायला जागा नसते आणि वेगमर्यादा बहुतेक ठिकाणी ताशी ६० मैल असते. समोरून येणारी गाडी दिसावी म्हणून उजव्या बाजूने चाला, आंधळं वळण असेल तेवढी जागा सोडून.

वाट पिकाखाली गेलेली दिसली तर फोटो काढा, जागा नकाशावर टिपून घ्या आणि मुलाला कौन्टी कौन्सिलच्या वेबसाइटवर तक्रार नोंदवायला सांगा. पॅरिश क्लार्कलाही एक ईमेल पाठवा, कारण वाट बेकायदा अडवली आहे असं पॅरिश कौन्सिलने लेखी कळवलं की कौन्टीला ते सहजासहजी टाळता येत नाही. मालकाला भेटायचंच असेल तर हवापाण्याच्या गप्पा मारा, परवानगीचा विषय काढू नका.