इंजिन रूमला आग लागली तर, नवीन पोरांसाठी

लोणावळ्याला नौदलाच्या आयएनएस शिवाजी तळावर ट्रेनिंगमध्ये विझवलेली आग आणि समुद्रात खाली इंजिन रूममधली आग, यात लय फरक आहे भावा. बहुतेक वेळा सुरुवात बारीक असते, फ्युएल पाईपच्या जॉइंटमधून डिझेलचा फवारा गरम एक्झॉस्टवर पडतो नि भडका. म्हणून वॉचवर, म्हणजे ड्युटीवर असताना लॅगिंग (गरम पाईपवरचं उष्णता अडवणारं आवरण) ओलं दिसलं, तेलकट वास आला, तर तिथंच थांबून बघ, नंतर बघू म्हणू नकोस.

आग दिसली की आधी ओरड, अलार्म दे, मग एक्स्टिंग्विशर. एक-दोनमध्ये नाही विझली तर हिरोगिरी नको, बाहेर ये. फ्युएल बंद, हवा आत ढकलणारे ब्लोअर बंद, हवेच्या वाटांचे फ्लॅप बंद, माणसं मोजायची, एक जरी कमी असला तर आग विझवायचा सीओटू (कार्बन डायऑक्साइड) गॅस आत सोडायचा नाही, कारण तो आग मारतो तसाच माणसालाही मारतो. आणि गॅस सोडल्यावर हॅच, म्हणजे आत जायचं झाकण, उघडायची घाई अजिबात नको, सीओटू लोखंड थंड करत नाही, हवा मिळाली की परत पेटतं. तोवर आजूबाजूच्या बल्कहेडवर, म्हणजे जहाजाच्या आतल्या लोखंडी भिंतींवर, पाणी मारत राहा, पेंट फुगायला लागला की समज पलीकडे काय चाललंय. पण ते पाणी उपसायचंही बघ, साचलेलं पाणी जहाज कलंडवतं.

26 एप्रिल 2019 ला कारवारजवळ आपल्या नौदलाच्या विमानवाहू जहाजावर, आयएनएस विक्रमादित्यवर, लेफ्टनंट कमांडर डी. एस. चौहान आग विझवताना धुरानं बेशुद्ध पडले आणि गेले. धूर आधी मारतो रे. मास्कचा सील रोज तपास, सिलिंडरची हवा संपत आल्याची शिट्टी वाजली की लगेच मागं फिर.