क्वारी टाइल : टाइल टिकते, जॉइंट दगा देतो

गेल्या वेळी मी मातीच्या भाजलेल्या टाइल्सबद्दल लिहिलं होतं, त्यावर आलेले चार प्रश्न आज घेतोय.

क्वारी टाइल म्हणजे खाणीतून काढलेला दगडच ना? शहाबादीसारखा? (नाशिक)

नाही, आणि हा घोटाळा नावामुळे होतो. क्वारी म्हणजे खाण असं आपल्या डोक्यात बसलंय, पण टाइलच्या नावातला हा शब्द जुन्या फ्रेंचमधल्या चौकोनाच्या शब्दावरून आलाय. म्हणजे चौकोनी टाइल, एवढाच अर्थ. हा कापून काढलेला दगड नाही, ही भाजलेली मातीच आहे. चिकणमाती आणि शेल (मातीचे थर दाबून झालेला ठिसूळ खडक) दळून, मळून, साच्याच्या तोंडातून शेवेसारखी दाबून पट्टी काढतात, कापतात आणि हजार डिग्रीच्या वर भाजतात. ग्लेझ म्हणजे काचेसारखा चकचकीत थर नसतो, वरपासून खालपर्यंत एकच रंग, त्यामुळे कोपरा उडाला तरी आत वेगळा रंग दिसत नाही. नेहमीचा साइज 6 बाय 6 इंच, जाडी साधारण अर्धा इंच. शहाबादी हा चुनखडीचा दगड, त्यावर लिंबू पिळलं की डाग पडतो, टॉयलेटचं ॲसिड सांडलं तर फेस येतो. क्वारी टाइलला असल्या ॲसिडचं फारसं काही वाटत नाही.

माझं क्लाउड किचन आहे. मॅट व्हिट्रिफाइड लावलंय तरी पोरं तेलावरून घसरतात, या महिन्यात दोघं पडले. क्वारी टाइल लावू का? (पुणे)

लावा. उकळतं तेल घेऊन जाणारा माणूस घसरला तर काय होतं हे मी एका किचनमध्ये डोळ्यांनी बघितलंय, म्हणून या कामात कंजूषी करू नका. घेताना आर रेटिंग (टाइल घसरणं किती रोखते याचा आकडा) विचारा, ते तेल ओतलेल्या उतारावर माणूस चालवून ठरवतात, किचनसाठी आर 11 किंवा आर 12 बघा. तळणीच्या आणि भांडी घासायच्या भागात वर बारीक कण भाजलेली खरखरीत टाइल मिळाली तर ती घ्या. मात्र ती नुसत्या पोछ्याने साफ होत नाही, रोज रात्री गरम पाणी, डिग्रीझर (चिकट तेल काढायचं द्रावण) आणि कडक ब्रश लागतो.

आता खरी गोष्ट. एका बेकरीच्या किचनमध्ये मालक म्हणाले टाइल खराब निघाली, वास येतो. मी खाली बसून जॉइंटमध्ये किल्ली घातली तर ती आरामात आत गेली आणि टोकाला काळपट ओला चिखल आला, टाइल मात्र नव्यासारखी टणक. ग्राउट, म्हणजे जॉइंटमध्ये भरायचा मसाला, साधं सिमेंटचं होतं, ते आंबलेलं दूध, व्हिनेगर, चरबीतली ॲसिडं आणि गरम पाणी यांनी खाल्लं, मग पाणी खाली उतरून कुजायला लागलं. म्हणून इपॉक्सी (रेझिनचं) ग्राउटच वापरा, महाग आहे तरी. आणि मिस्त्रीला आधीच सांगा की जॉइंट 6 ते 10 मिलिमीटरचा ठेवायचा, कारण भट्टीतून निघालेली प्रत्येक टाइल थोडी लहानमोठी असते, आपल्याकडच्या मिस्त्रींना टाइलला टाइल चिकटवायची सवय आहे आणि इथे तसं केलं की चार ओळींत लाइन वाकडी होते. इपॉक्सी भरण्याआधी टाइलवर मेणाचा थर आहे का बघा, नसला तर तो किंवा ग्राउट रिलीज (ग्राउट टाइलला चिकटू न देणारा लेप) लावून घ्या, नाहीतर इपॉक्सी खरखरीत पृष्ठभागाला असं धरतं की निघता निघत नाही. भिंतीच्या कडेने थोडी जागा सिमेंटने न भरता लवचिक सीलंटने भरा, भाजलेली माती वर्षानुवर्षं किंचित फुगत राहते आणि फुगायला जागा नसली की टाइल तंबूसारखी वर उचलते. ढाळ जाळीकडे आहे की नाही ते टाइल बसण्याआधी बादलीभर पाणी ओतून बघा.

बर्मिंगहॅमजवळ जुनं घर घेतलंय. कार्पेट काढलं तर खाली लाल-काळ्या टाइल्स निघाल्या, पण आता वर पांढरी पावडर येते. पॉलिश करून टाकू का? (इंग्लंड)

थांबा, काही लावू नका! तुमच्या हाती सोनं लागलंय. या क्वारी टाइल्स तुमच्या भागातल्या एट्रुरिया मार्ल नावाच्या मातीच्या असू शकतील, तीच माती भट्टीत भरपूर हवा मिळाली की लाल आणि हवा कमी केली की निळी-काळी होते, रंग बाहेरून दिलेला नाही. व्हिक्टोरियन घरांत या टाइल्स बहुतेक वेळा राख किंवा मातीच्या थरावर बसवायचे, खाली प्लास्टिकचा थर नसतो, त्यामुळे जमिनीतली ओल टाइलच्या जॉइंटमधून वर येऊन उडून जाते. पावडर म्हणजे त्या ओलीबरोबर आलेले क्षार. इतकी वर्षं कार्पेटखाली ओल कोंडली असणार, आता ती सुटतेय. कोरड्या ब्रशने झाडा आणि व्हॅक्यूम करा, पाण्याने धुतलं तर क्षार विरघळून परत आत जातात. काही महिने असंच चालू द्या. तरी थांबलं नाही तर पन्हळ गळतेय का, बाहेरची माती घरातल्या फरशीपेक्षा वर आलीय का हे बघा. वर प्लास्टिकसारखा फिल्म बनवणारा सीलर मारला तर ओल खालीच अडकेल आणि क्षार टाइलचा वरचा पापुद्रा उडवतील. कार्पेटखाली काळा डांबरी गोंद असेल तर मात्र घासू नका, त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं, आधी तपासून घ्या.

घरच्या स्वयंपाकघरात कशी वाटेल? (पनवेल)

मी नाही लावणार. ग्लेझ नसल्याने हळद आणि तेल आत मुरतं, सीलर लावला तरी तो अधूनमधून परत लावावा लागतो. ओटी किंवा अंगणात मात्र बिनधास्त लावा, पावसात पाय घसरत नाही आणि भिजल्यावर तो लाल रंग बघतच राहावासा वाटतो.