काळी बिअर म्हणजे स्टाउटच ना? मग ब्लॅक आयपीए आणि व्हाइट स्टाउट ही काय भानगड आहे?

वेटर बरोबर होता. तुम्ही लिहिलंय की ग्लासात काळीकुट्ट बिअर आली, तुम्ही तिला स्टाउट म्हणालात, तो म्हणाला 'ब्लॅक आयपीए', आणि प्यायल्यावर तोंडात संत्र्याच्या सालीसारखा कडवटपणा राहिला. ती संत्र्याची साल हॉप्सची (बिअरला कडूपणा आणि वास देणारी वेलीची फुलं), आणि स्टाउटमध्ये हॉप्स एवढे पुढे येऊन बोलत नाहीत. पण तुमच्यासारखं म्हणणारे गिऱ्हाईक मला आठवड्याला दोनतीन भेटतात. मी पुण्यातल्या एका मायक्रोब्रूअरीत काम करतो. काम म्हणजे बरंचसं टाक्या धुणं, उरलेल्या वेळात बिअर.

बार्लीचा माल्ट कसा होतो हे आपल्या लोकांना समजावणं सोपं आहे, कारण नाचणीचं सत्त्व घरी होताना बहुतेकांनी पाहिलेलं असतं. धान्य भिजवायचं, मोड आणायचे, वाळवायचं. असा हलका वाळवलेला माल्ट जवळपास प्रत्येक बिअरचा पाया असतो, स्टाउटचाही. फरक एवढाच की स्टाउटमध्ये त्याच्या जोडीला थोडं धान्य कॉफीच्या बियांसारखं काळं होईपर्यंत भाजून घालतात. किती? शंभर किलोत साधारण दहा किलो, पुष्कळदा त्याहूनही कमी. एवढ्याने सगळी टाकी काळी होते. (तशी ती काळी नसतेच. गिनेस या आयरिश स्टाउटचा ग्लास दिव्यासमोर धरून बघा, कडेला माणकासारखा लाल रंग दिसतो.)

तर आजच्या घडीला स्टाउट कशावरून ओळखायची? भाजलेल्या धान्याच्या चवीवरून. आपल्याकडे त्याला नेमका शब्द आहे, खरपूस. भाकरी खरपूस झाली की करपली, हे सांगायला घरात कुणाला तक्ता लागत नाही. स्टाउट करणाऱ्याची सगळी कसरत त्या दोन शब्दांमधल्या जागेत चालते. डोळे मिटून घोट घेतला आणि कोरी कॉफी, कडू चॉकलेट, भाकरीचा पापुद्रा असं काही आठवलं, तर ती स्टाउट किंवा तिची थोरली बहीण पोर्टर.

आता गंमत अशी, की ही व्याख्या तशी नवीन आहे. 'स्टाउट' या शब्दाचा रंगाशी मुळात संबंध नव्हता. इंग्लंडात सतराव्या शतकापासून स्टाउट म्हणजे फक्त कडक बिअर. पुढे अठराव्या शतकात लंडनमध्ये पोर्टरचा जमाना आला. ही हमालांची आवडती म्हणून पोर्टर. तिच्यातल्या कडक प्रकाराला 'स्टाउट पोर्टर' म्हणत, आणि मग शेपूट गळून नुसतं 'स्टाउट' उरलं. त्या हिशेबाने पाहिलं तर आपल्याकडे दुकानात 'स्ट्राँग' लिहिलेली जी पिवळी बाटली मिळते, ती जुन्या लंडनमध्ये स्टाउट ठरली असती. आणि गिनेसचा जो ग्लास जगभर स्टाउटचा नमुना म्हणून मिरवतो, त्यात अल्कोहोल सुमारे ४.२ टक्के. म्हणजे कडक म्हणावी अशी ती अजिबात नाही.

मग तो खरपूसपणा आला कुठून? हिशेबातून. आधी पोर्टर तपकिरी माल्टची होत असे. अठराव्या शतकाच्या अखेरीस हायड्रोमीटर, म्हणजे पाण्यात किती साखर उतरली ते मोजायचं साधन, वापरात आला आणि ब्रूअरांच्या लक्षात आलं की फिकट माल्ट महाग असला तरी त्यातून साखर कितीतरी जास्त निघते. सगळे फिकट माल्टकडे वळले, पण मग पोर्टरचा रंग उडाला. कुणी जाळलेली साखर घालून रंग आणायचं, तर १८१६ मध्ये ब्रिटनने कायद्याने तेही बंद केलं. पुढच्याच वर्षी, १८१७ मध्ये, डॅनियल व्हीलर याने फिरत्या पिंपात माल्ट काळा भाजायचं पेटंट घेतलं. यंत्र जवळपास कॉफी भाजायचंच. आज आपण जिला 'स्टाउटची चव' म्हणतो, तिच्या मुळाशी हे पिंप आहे.

'काळा माल्ट घातला तर पोर्टर, मोड न आणता भाजलेली बार्ली घातली तर स्टाउट' असं छातीठोक सांगणारे तुम्हाला पुष्कळ भेटतील. मला हे पटत नाही. बिनमोडाचं धान्य बिअरमध्ये वापरायला ब्रिटनमध्ये १८८० पर्यंत बंदीच होती, कारण सरकारचा कर माल्टवर होता. आणि त्याआधीही आयर्लंडात नि इंग्लंडात स्टाउट धो धो विकली जात होती.

यीस्टवरूनही निकाल लागत नाही. पोर्टर-स्टाउट घराणं एल यीस्टचं, ऊबेत आंबणारं. पण हीच बिअर बाल्टिक किनाऱ्यावर पोचली तेव्हा पोलंडकडच्या लोकांनी एकोणिसाव्या शतकात ती आपल्या लागर यीस्टने थंडीत आंबवायला सुरुवात केली. तीच बाल्टिक पोर्टर. जमैका आणि श्रीलंकेसारख्या उष्ण देशांतल्या स्टाउट तर बहुधा लागर यीस्टच्याच, पण ऊबेत आंबवलेल्या. श्रीलंकेची लायन स्टाउट मिळाली तर सोडू नका. ८ टक्क्यांच्या वर जाते, तेवढं मात्र सांभाळा.

आता तुमची ब्लॅक आयपीए. आयपीए म्हणजे इंडिया पेल एल, हॉप्स पुढे असलेली बिअर. त्यातला 'पी' म्हणजे पेल, फिकट. त्याच्या आधी 'ब्लॅक' लावणं म्हणजे नावातच भांडण. अमेरिकेत व्हरमाँटमधल्या बर्लिंग्टनला ग्रेग नूनन याने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ती केली. पुढे वायव्य अमेरिकेतल्या ब्रूअरांनी तिला 'कॅस्केडियन डार्क एल' असं स्वतःचं नाव देऊन पाहिलं. कल्पना अशी की रंग स्टाउटचा, पण चव आणि वास आयपीएचा: संत्रं, ग्रेपफ्रूट, पाइन. म्हणजे काळेपणा ठेवायचा आणि खरपूसपणा काढायचा.

हे बोलायला सोपं. आमची पहिली खेप मी साधा काळा माल्ट पहिल्यापासून बाकीच्यासोबत उकळत्यापेक्षा बऱ्याच कमी गरम पाण्यात तासभर ठेवून केली. हॉप्सचा कडूपणा आणि माल्टचा कडूपणा एकावर एक चढले. एका काकांनी ग्लास परत पाठवला आणि विचारलं, "स्टाउटमध्ये सिगरेट विझवलीय का कुणी?" बोलणं लागलं, पण खोटं नव्हतं. काळ्या माल्टचा बराचसा तुरटपणा सालीत असतो. म्हणून पुढच्या वेळी साल काढून भाजलेला माल्ट आणला (सालीच्या उडदाऐवजी धुतलेली उडीद डाळ घ्यावी तसं) आणि तोही अगदी शेवटी, माल्ट धुऊन घेताना वरून घातला. रंग बिअरमध्ये उतरला, करपटपणा मागे राहिला.

व्हाइट स्टाउट याच्या बरोबर उलट. बिअर सोनेरी, आणि तिच्यात कॉफीच्या बिया नि कोकोचे तुकडे भिजवून स्टाउटचा वास आणलेला. अंगाला भरदारपणा यावा म्हणून ओट्स. डोळे मिटून प्यायलात तर फसाल. मला स्वतःला ती नकलाकाराची करामत वाटते, कारण खरपूसपणा धान्यातून आलेला नसतो. आमचा मुख्य ब्रूअर यावर चिडतो. त्याचं म्हणणं, एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमध्ये 'पेल स्टाउट' राजरोस विकली जायची, मग नाव वापरायला हरकत कसली? ती पेल स्टाउट म्हणजे नुसती कडक फिकट बिअर, कॉफीचा वासही नसलेली, हे मी त्याला दर वेळी सांगतो. यावर आमचं एकमत झालेलं नाही आणि होईल असं दिसत नाही.

जर्मनीची श्वार्त्सबिअर पाहिलीत तर तीही काळीच, पण लागर. हलकी, जेवणासोबत चालणारी. तिलाही स्टाउट म्हणू नका, वेटर पुन्हा जिंकेल.