खांदा धरलाय: शेक, करंट, इंजेक्शन की व्यायाम?

प्रश्न : वय ५२, माजलगाव तालुका. ८ वर्षांपासून शुगर आहे. ५ महिन्यांपासून उजवा खांदा धरलाय. वेणी घालता येत नाही, त्या कुशीवर झोपता येत नाही. अल्ट्रासाऊंड (दुखऱ्या जागी ध्वनिलहरी देणारं मशीन) आणि करंटच्या १० बैठका झाल्या. संध्याकाळपर्यंत बरं वाटतं, सकाळी पुन्हा तेच. आता आणखी १० बैठका सांगितल्यात. दुसरे डॉक्टर इंजेक्शन घ्या म्हणतात. काय करावं?

उत्तर : ताई, पुढचे पैसे भरण्याआधी घरीच एक तपासणी करा. दोन्ही कोपरे काटकोनात वाकवून कमरेला चिकटवा आणि पंजे बाहेरच्या बाजूला वळवा. उजवा हात डाव्यापेक्षा बराच कमी वळला, तर घरातल्या कोणाकडून तो हळूच वळवून घ्या. दुसऱ्यानं वळवूनही तो तिथेच अडत असेल, तर सांध्याभोवतीचं आवरण आखडलंय, म्हणजे फ्रोझन शोल्डर असण्याची शक्यता मोठी. शुगर असलेल्यांना हा त्रास जास्त होतो आणि जास्त दिवस चालतो. सांध्याची झीज नाही ना, हे पाहायला एक साधा एक्स-रे काढून घ्या.

आता उपचारांची तुलना. करंट (टेन्स, आयएफटी) आणि शेक यांनी दुखणं काही तास दबतं, आखडलेलं आवरण सुटत नाही. सकाळी तुमचं दुखणं परत येतं ते याच कारणानं. अल्ट्रासाऊंडचा तर चाचण्यांत ठोस फायदा दिसलेलाच नाही. नुसत्या मशीनसाठी रोज एसटीनं तालुक्याला जाऊ नका.

दुखण्याचा जोर असेल, रात्रीची झोप मोडत असेल, तर सांध्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन उपयोगी पडतं. त्याचा जोर काही आठवडे टिकतो, आणि त्या आठवड्यांत व्यायाम केला तरच त्याचं चीज होतं. इंजेक्शननंतर काही दिवस शुगर वाढते. म्हणून शुगरच्या डॉक्टरांना आधी सांगा आणि आठवडाभर रोज तपासा. शुगर आधीच फार चढलेली असेल तर ती आटोक्यात आणूनच इंजेक्शन घ्या.

ऑपरेशनची घाई नको. २०२० साली ब्रिटनमध्ये ५०३ रुग्णांवर झालेल्या चाचणीत तीन उपचारांची तुलना झाली : भूल देऊन सांधा मोकळा करणं, दुर्बिणीतून आवरण कापणं, आणि इंजेक्शनसह फिजिओथेरपी. वर्षानंतर तिन्हींत रुग्णाला जाणवेल असा फरक उरला नाही.

व्यायामात काठीचा सगळ्यात महत्त्वाचा. उताणं झोपा. उजव्या कोपराखाली टॉवेलची घडी ठेवा, कोपर काटकोनात, बरगडीला टेकलेलं. दोन्ही हातांत काठी आडवी धरा आणि डाव्या हातानं ती ढकलून उजवा पंजा बाहेर न्या. ताण जाणवला की २० सेकंद थांबा. असं ५ वेळा, दिवसातून दोनदा. इथे हमखास चूक होते ती अशी : कोपर बरगडीपासून सुटतं, अंग वळतं, हात बाहेर गेल्यासारखा दिसतो आणि आवरणाला ताण बसतच नाही. कोपर आणि बरगडी यांच्यामध्ये रुमाल दाबून धरा. रुमाल पडला की चुकलं.

दुसरा भिंतीचा. बोटांनी भिंत चढत जा आणि जिथे पोचाल तिथे खडूनं रेघ मारा. खांदा कानाकडे उचलून रेघ वर नेऊ नका.

व्यायामानंतरचं दुखणं तासा-दोन तासांत आधीइतकं व्हायला हवं. रात्रभर ठणकलं तर दुसऱ्या दिवशी ताण निम्मा करा. जोर लावून हात ओढून देणाऱ्याकडे तर अजिबात जाऊ नका. हा आजार सुटायला वर्ष-दोन वर्षं लागू शकतात, म्हणून महिन्याच्या महिन्याला खडूची रेघ बघा, रोज नको.

प्रश्न : वय ४४, जालना जिल्हा, शेती. हात खांद्याच्या उंचीला आला की कळ येते, पूर्ण वर गेला की कमी होते. फवारणीनंतर जास्त दुखतं. एमआरआयमध्ये स्नायू अर्धवट फाटल्याचं निघालंय. ऑपरेशन लागेल का?

उत्तर : बहुधा नाही. चाळिशीनंतर असं अर्धवट फाटणं काहीच न दुखणाऱ्या खांद्यांतही सापडतं. तुमचा सांधा आखडलेला नाही. खांदा फिरवणाऱ्या स्नायूंच्या कंडरा (स्नायू हाडाला जोडणारे दोर) कमजोर होऊन दुखतायत, आणि त्यांना बळ हवंय.

न दुखणाऱ्या खांद्याच्या कुशीवर झोपा, दुखरा हात वर. काखेत टॉवेल, कोपर काटकोनात, हातात अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली. पंजा छताकडे उचला आणि ३ सेकंद घेऊन सावकाश खाली आणा. १० वेळा, असे ३ फेरे, एक दिवसाआड. १५ वेळा सहज जमलं की वजन थोडं वाढवा. पुढे खिडकीच्या गजाला रबरी पट्टा बांधून हेच उभ्यानं करा. बाटली धपकन खाली सोडली तर निम्मा व्यायाम वाया जातो. १२ आठवडे द्या, तिसऱ्या आठवड्यात सोडू नका.

रोज फिजिओकडे जायची गरज नाही. २०२१ च्या ब्रिटनमधल्या ७०८ रुग्णांच्या चाचणीत एकाच भेटीत नीट शिकवलेला घरचा व्यायाम आणि ६ भेटींपर्यंतचा व्यायाम, दोन्ही वर्षअखेर सारखेच ठरले. पण ती एक भेट खरी हवी. फिजिओनं तुमच्याकडून व्यायाम करून घेतला पाहिजे, कागद हातात दिला म्हणजे झालं नाही.

१६ लिटरचा पंप भरला की पाण्याचंच ओझं १६ किलो. तूर्त अर्धा भरा. दांडा मारणारा हात दुखरा असेल तर बॅटरीचा पंप वापरा.

पडल्यावर हात एकदम उचलताच येईना, तर मात्र व्यायामात दिवस घालवू नका, लगेच अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. आणि डाव्या खांद्याच्या दुखण्याबरोबर छातीत दाब, घाम किंवा दम असेल तर तडक दवाखाना गाठा.

प्रश्न : खांद्यावर बिब्बा लावला तर चालेल का? (परभणी)

उत्तर : नको. बिब्ब्याच्या तेलानं कातडी पोळते, फोड येतात, आणि शुगर असेल तर जखम लवकर भरत नाही. लावून झाला असेल तर साबण-पाण्यानं धुवा, फोड फोडू नका, डॉक्टरांना दाखवा. शेकायचंच असेल तर गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून १५ मिनिटं, व्यायामाच्या आधी. शुगरमुळे हातापायाला मुंग्या किंवा बधिरपणा असेल तर पिशवी आधी दुसऱ्या कोणाच्या हाताला लावून पाहा.