लिंक कोणाकोणाच्या हाती?

लालबागच्या आमच्या सोसायटीचा पुनर्विकास ठरलाय. सेक्रेटरींनी ग्रुपवर गूगल ड्राइव्हची लिंक टाकून प्रत्येकाला आधार, पॅन, शेअर सर्टिफिकेट त्यात अपलोड करायला सांगितलंय. करावं का?

त्या लिंकवर नको. लिंक मिळेल त्याला फोल्डर उघडता येत असेल, तर एका फॉरवर्डमध्ये अख्ख्या इमारतीचे पॅन दलालांपर्यंत पोचतील. त्यातून 'एडिटर'ची परवानगी असेल तर शेजाऱ्याचा कागद कुणाच्याही हातून उडू शकतो. त्यापेक्षा आपापल्या ड्राइव्हवर स्वतःचा फोल्डर करा. तो 'रिस्ट्रिक्टेड' (म्हणजे फक्त जोडलेल्यांनाच उघडणारा) ठेवा आणि सोसायटीच्या ईमेललाच 'व्ह्यूअर' (बदल न करता फक्त बघणारा) म्हणून जोडा. काम झालं की नाव काढा. मात्र तोवर डाउनलोड झालेली प्रत परत घेता येत नाही. म्हणून पूर्ण आधार क्रमांक लागत नसेल तिथे आधार देणाऱ्या यूआयडीएआय या सरकारी संस्थेच्या साइटवरून मास्क्ड आधार काढून द्या. त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. सेक्रेटरींना हे सांगताना संकोच करू नका. कागद तुमचे आहेत.

फुकट जागा सर्वांत जास्त कुठे? (दादर)

गूगल १५ जीबी देतं, आयक्लाउड आणि वनड्राइव्ह ५, ड्रॉपबॉक्स २. गूगलच्या पंधरात जीमेल आणि फोटोही धरलेले असतात, आणि जागा भरली की मेल यायची थांबते. पण मी जीबी मोजत बसणार नाही. ज्यांना फाइल द्यायची, त्यांच्या फोनवर काय चालतं ते आधी बघा.

कुर्ल्याच्या घरात २६ जुलै २००५ च्या पुरातून वाचलेले आल्बम स्कॅन केलेत. भावंडांना व्हॉट्सॲपवर पाठवले तर धूसर दिसतात.

फोटो म्हणून पाठवले की व्हॉट्सॲप ते दाबून लहान करतं. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर सरळ ड्राइव्हच्या फोल्डरवर भावंडांचे ईमेल जोडा. जागा फक्त तुमच्या खात्यातली जाते. इथेच खरी जोखीम आहे, कारण तुमचं खातं गेलं की फोल्डर सगळ्यांकडूनच जातो, आणि दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं गूगल बंद करू शकतं. खातं बराच काळ वापरलं नाही तर त्यातला डेटा कोणाला मिळावा हे गूगलच्या 'इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर'मध्ये ठरवता येतं; तिथे एका भावंडाचं नाव आजच घाला. शिवाय सगळे स्कॅन एका हार्ड डिस्कवर उतरवून ती दुसऱ्या घरी ठेवा, तळमजल्यावर नको.